दिवाळीच्या ऑफरमध्ये गाव निवडू नका

पेण, उरण, पालघर, सफाळे इथल्या घरांच्या जाहिराती दसऱ्यापासून जोर धरतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कोकणपट्टी वर्षातली सगळ्यात देखणी असते. भात कापणीला आलेलं असतं, विहिरी तुडुंब असतात आणि रस्त्यावरचे खड्डे नुकतेच बुजवलेले असतात. उन्हाळ्यात पाणी किती कमी पडतं आणि पावसाळ्यात किती साचतं, या दोन्ही गोष्टी तेव्हा दिसत नाहीत. म्हणून मुंबईत नोकरी आणि किनारपट्टीच्या गावात परवडणारं घर, असा बेत असेल तर गाव दोनदा बघा: एकदा वैशाखात, एकदा आषाढात. टोकन त्यानंतर. ऑफर पुढच्या दिवाळीलाही असतेच.

पण गाव बघायला निघण्याआधी ऑफिस कुठे आहे ते नकाशावर टिंब लावून ठरवा. बरीच घरं इथेच चुकतात. फोर्ट किंवा नरिमन पॉइंटला रोज जाणाऱ्याने पनवेलच्या पुढे बघू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पनवेल ते सीएसएमटी हार्बर मार्गाच्या लोकलने साधारण ८० मिनिटं लागतात, त्यात दोन्ही टोकांची रिक्षा आणि चालणं धरलेलं नाही. ऑफिस बेलापूर, नेरूळ, वाशीला असेल तर उलवे, द्रोणागिरी, उरण हा पट्टा विचारात घ्या. नेरूळ-बेलापूरहून खारकोपरपर्यंतची लोकल २०१८ च्या नोव्हेंबरात आणि पुढे उरणपर्यंतची १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाली. मात्र ही हार्बरसारखी दर काही मिनिटांची गाडी नव्हे. एक चुकली की फलाटावर बराच वेळ बसावं लागतं, त्यामुळे घर बघताना स्टेशनचं अंतर जितकं महत्त्वाचं तितकंच वेळापत्रक.

त्याच दिवशी सुरू झालेल्या २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूचं नाव उलव्याच्या प्रत्येक जाहिरातीत आहे. सेतूवर दुचाकी आणि रिक्षा चालत नाहीत आणि गाडीला टोल आहे. रोजच्या नोकरदाराला तो बसपुरताच उपयोगी, हे धरून हिशेब मांडा. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून उरणजवळच्या मोऱ्याला लाँच जाते, पण ओहोटीच्या वेळी मोऱ्याच्या बंदरात गाळामुळे लाँच लागायला अडचण येते. तिच्यावर नोकरी बेतू नये.

पेणला लोकल नाही. दिवा-पनवेल-रोहा मार्गावरच्या मेमू, म्हणजे विजेवरच्या पॅसेंजर गाड्या आहेत, फेऱ्या मोजक्या. मेमू चुकली की एसटी, नाहीतर मिनिडोअर (सहा आसनी रिक्षा), आणि मग मुंबई-गोवा महामार्गाच्या मर्जीवर. तळोजा, पनवेल, रसायनी इथे काम असेल तर पेण छान आहे: जुनं, नांदतं गाव, बाजारपेठ मोठी, शाळा-दवाखाने जवळ. त्यापलीकडे रोजची ये-जा माणसाला दमवते. अलिबागचा विचार तर सोडूनच द्या. गेटवे-मांडवा बोटी पावसाळ्यात बंद असतात, मांडव्याची रो-रो (गाड्याही नेणारी मोठी बोट) पावसाळ्यातही चालते पण समुद्र खवळला की रद्द होते, आणि जमिनीचे भाव आता सेकंड होमवाल्यांचे आहेत.

पश्चिमेकडे, अंधेरी-बोरिवलीला काम असणाऱ्यांसाठी पालघर हा सगळ्यात समतोल पर्याय वाटतो. २०१३ च्या एप्रिलमध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत गेली आणि १ ऑगस्ट २०१४ ला जिल्हा झाल्यावर कचेऱ्या, न्यायालय, पोलीस अधीक्षक कार्यालय सगळं इथे आलं. सफाळे, केळवे रोड स्वस्त आणि शांत आहेत, पण रात्री दवाखाना लागला तर शेवटी पालघरच गाठावं लागतं. गोम अशी की विरारच्या पुढे अजून दोनच रूळ आहेत. गुजरातच्या मेल, मालगाड्या आणि डहाणू लोकल त्याच रुळांवरून धावतात आणि लोकल बाजूला थांबते. चौपदरीकरणाचं काम चालू आहे, पण आजचं घर आजच्या वेळापत्रकावर घ्या. बुलेट ट्रेनचं बोईसर स्टेशन आणि वाढवण बंदर दाखवून भाव सांगणारा एजंट तुम्हाला भविष्य विकतोय, त्याचे पैसे आज कशाला द्यायचे?

स्वस्त म्हणजे किती स्वस्त, हे हप्त्यात मोजा. ८.५ टक्क्यांनी २० वर्षांचं कर्ज घेतलं तर लाखाला महिना साधारण ८७० रुपये हप्ता पडतो. म्हणजे पुढच्या गावात घर १० लाखांनी स्वस्त मिळालं तर महिन्याला ८,७०० वाचले. आता त्यातून घरातल्या दोघांची शेअर रिक्षा, स्टेशनजवळचं दुचाकीचं पार्किंग, एप्रिल-मेमधला टँकरचा वाटा आणि महिन्यातून दोन-तीनदा शेवटची गाडी चुकल्यावर केलेली कॅब वजा करा. वरून एका दिशेला ५० मिनिटं जास्त लागत असतील तर २५ दिवसांचे जवळजवळ ४२ तास होतात, म्हणजे ऑफिसचा एक आख्खा आठवडा. उरलेल्या रकमेत तो विकायची तयारी आहे का, हे घरातल्या प्रत्येक कमावत्या माणसाला वेगळं विचारा.

क्षेत्रफळाचाही घोळ असतो. ६०० चौरस फुटांचं ‘सेलेबल’ (विक्रीसाठी सांगितलेलं) घर ४० टक्के लोडिंग, म्हणजे जिना-लॉबी वगैरेंचा वाटा लावलेलं असेल तर कार्पेट, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरायची जागा, ४२८ च्या आसपास भरते. दोन गावांतल्या भावांची तुलना नेहमी कार्पेटवरच करा.

आता वैशाखातली फेरी. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा दोनशे-चारशे रुपयांचा टीडीएस मीटर खिशात टाका आणि एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्ये जा. इमारतीच्या बोअरचं पाणी, नगरपरिषदेच्या नळाचं पाणी आणि शेजारच्या जुन्या विहिरीचं पाणी तीन वेगळ्या पेल्यांत घेऊन मोजा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यायचं, अशी मर्यादा आहे. खाडीलगतच्या बोअरला उपसा वाढला की खारं पाणी आत सरकतं. तीच बोअर ऑगस्टमध्ये गोड लागते आणि मेमध्ये मचूळ, कारण पावसाचं पाणी वर तरंगत असतं. मेमध्ये आकडा हजाराच्या पुढे गेला तर गीझरची कॉइल आणि नळाच्या तोट्या दरवर्षी बदलायची तयारी ठेवा. नगरपरिषदेचं कनेक्शन सोसायटीच्या नावावर आहे का, की फक्त अर्ज केलाय, हे पाणीपट्टीची पावती मागून बघा. ‘येणार आहे’ हे उत्तर म्हणजे ‘नाही’.

आषाढातली फेरी जास्त महत्त्वाची. दिवस निवडायचा तो अमावास्येचा किंवा पौर्णिमेचा, म्हणजे उधाणाचा. भरती किती वाजता, याचं कोकणातलं जुनं गणित अजून उपयोगी आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. अंदाजापुरतं हे पुरतं, नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात मिळते. नुसता पाऊस गटारातून वाहून जातो, पण भरतीने खाडी भरली असेल तर त्याला जायला वाटच उरत नाही. म्हणून दोन्ही एकत्र आले तरच इमारतीची खरी परीक्षा होते.

त्या दिवशी काय बघायचं? आधी कंपाउंडची भिंत. मागच्या वर्षांच्या पाण्याची मातकट रेघ नवा रंग दिला तरी कोपऱ्यात, गेटच्या मागे आणि पंपघराच्या दारामागे राहून जाते. मग मीटरची खोली: मीटर जमिनीपासून छातीच्या उंचीवर असतील तर ठीक, गुडघ्याशी असतील तर विचार करा. ड्रेनेजच्या चेंबरच्या झाकणातून पाणी आत जाण्याऐवजी वर उसळतंय का ते बघा. लिफ्टच्या खड्ड्यात पंप बसवलेला असेल तर का बसवला ते विचारा. शेवटी गल्लीतल्या दुकानांचे ओटे बघा. दुकानदाराने दोन-तीन पायऱ्यांचा ओटा बांधलाय तो शोभेसाठी नसतो. वॉचमनला विचारून उपयोग नाही. दूधवाला आणि वाणी खरं सांगतात.

पेणच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, आणखी एक प्रश्न विचारा: बांधाला खांड (भगदाड) गेली होती का, आणि कधी? समुद्राचं पाणी अडवणारा मातीचा बांध उधाणात फुटला की खारं पाणी थेट शेतांत आणि वस्तीत शिरतं. अशा जमिनीवर भराव टाकून उभी केलेली इमारत स्वतः कोरडी राहते, पण तिचा रस्ता बुडतो. घर कोरडं आणि तुम्ही घरात अडकलेले, हेही ऑफिसला दांडीच.

डोंगराच्या कुशीतलं घर सुरक्षित, असं समजू नका. इरसाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली ती खालापूर तालुक्यात, मुंबईपासून फार लांब नाही. डोंगर उभा कापून इमारत बसवली असेल तर मागच्या संरक्षक भिंतीत पाणी निघायला भोकं आहेत का, आणि पावसात त्यातून पाणी खरोखर येतंय का, ते बघा. भोकं कोरडी आणि भिंतीला पोट आलेलं असेल तर घर सोडा.

गाडीचाही आषाढ बघायचा असतो. जोराचा पाऊस झाला की हार्बरवर कुर्ला, चुनाभट्टी, वडाळा आणि पश्चिमेला वसई-नालासोपाऱ्याकडे रुळांवर पाणी येतं. अडकलात तर रात्र कुठे काढाल, याचं उत्तर तयार हवं. नातेवाईकाचं घर मधल्या स्टेशनवर असणं हा हिशेबात धरण्याजोगा फायदा आहे.

सुरक्षेची चौकशी दिवसा होत नाही. रात्री साडेदहाला स्टेशनवर उतरेल अशी गाडी पकडा आणि घरापर्यंत चालत जा. घरातली बाई रोज येणार असेल तर तिनेच हे चालून बघावं. रस्त्यावरचे दिवे चालू आहेत का, शेअर रिक्षा भरेपर्यंत किती वेळ थांबवते, शेवटच्या टप्प्यावर मोकळा प्लॉट किंवा बंद गाळे लागतात का, औषधाचं दुकान किती वाजता शटर ओढतं. उशिरापर्यंत चालू असलेलं मेडिकल हे रस्त्यावर वर्दळ असल्याचं चांगलं लक्षण. उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाची लस असते का आणि रात्री डॉक्टर असतात का, हेही विचारून ठेवा. शहरातून येणाऱ्यांच्या यादीत हा प्रश्न कधीच नसतो.

औद्योगिक शेजार वासाने ओळखावा. तळोजा, तारापूर, रोह्याचं धाटाव या रासायनिक वसाहतींच्या वाऱ्यात घर येतं का, हे पहाटे कळतं, दुपारी नाही. तारापूर अणुवीज केंद्राचा १६ किलोमीटरचा आपत्कालीन नियोजन पट्टा आहे आणि बोईसर त्यात येतं. डहाणू-तलासरीकडे २०१८ च्या नोव्हेंबरपासून भूकंपाचे लहान धक्के बसत आलेत, तिकडे तळमजल्यावर नुसते खांब आणि वर चार मजले, अशा जुन्या इमारती टाळा.

खाऱ्या हवेत सिमेंटपेक्षा सळई आधी हरते. काँक्रीटच्या आयएस ४५६ मानकानुसार उघड्या किनारी हवेला किमान एम-३० प्रतीचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर लागतो. बांधकाम चालू असेल तर सळईखाली कव्हर ब्लॉक ठेवलेत की दगडाचे तुकडे, ते डोळ्यांनी बघता येतं. पुनर्विक्रीच्या घरात गच्चीच्या पॅरापेटला आणि बाल्कनीच्या खालच्या अंगाला गंजाच्या तांबूस रेघा शोधा.

कागदांबद्दल थोडंच, पण नेमकं. महारेराचा, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियामकाचा, नंबर आहे एवढ्यावर समाधान मानू नका. डोंबिवलीतल्या ६५ इमारतींच्या बांधकाम परवानग्या बनावट निघाल्या, आणि त्यांना महारेराची नोंदणी मिळालेली होती. बांधकाम परवानगीचा क्रमांक घेऊन थेट ती देणाऱ्या कचेरीत जा: उलवे-द्रोणागिरीला सिडको, पेण, उरण, पालघरला नगरपरिषद. गावठाणाबाहेर असेल तर जमीन अकृषिक (बिगरशेती) झाल्याची नोंद आणि सातबारा पाहा. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) किंवा कुळकायद्याचा शेरा असेल तर वकिलाशिवाय पुढे जाऊ नका. पालघरकडे आदिवासी खातेदाराची जमीन सरकारी मंजुरीशिवाय बिगर आदिवासीला घेता येत नाही. उरण, पनवेल, पेणमधली १२४ गावं एमएमआरडीएच्या नव्या शहराच्या क्षेत्रात आहेत, तिथे प्लॉट घेताना आरक्षण तपासा. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घरावर जीएसटी नाही. चालू बांधकामावर ५ टक्के. मुंबई महानगर प्रदेशात ४५ लाखांपर्यंतचं आणि ६० चौरस मीटर कार्पेटपर्यंतचं घर असेल तर १ टक्का.

दोन फेऱ्यांनंतरही मन ठरत नसेल तर त्याच इमारतीत जूनपासून भाड्याने राहा. ११ महिन्यांचा करार करताना लॉक-इन (घर सोडता न येण्याची मुदत) तीन महिन्यांपेक्षा जास्त ठेवू नका, करार नोंदवा आणि पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या. राहत असताना सोसायटीच्या दोन वर्षांच्या हिशेबात ‘टँकर’ आणि ‘पंप दुरुस्ती’ या दोन ओळी किती रुपयांच्या आहेत, तेवढं सेक्रेटरीकडून बघून घ्या.