खानापूर ते धारवाड : वाळल्या वैरणीच्या शोधात

आमच्या बेळगावजवळच्या कडोली-उचगाव भागात चारा म्हणजे नेपियर गवत, नाहीतर उसाचं वाडं. पावसाळाभर हिरवंगार, आणि मार्च उजाडला की गोठ्यात नुसतं पिंजर. एकदा लावलं की चार-पाच वर्षं हलणार नाही आणि वाळवून गंजीला घालता येईल, असं गवत बघायला भावोजींना घेऊन नवरात्राच्या तोंडावर निघालो. जायचं तर याच दिवसांत जा. जूनमध्ये ठोंब, म्हणजे गवताचे मुळासकट फुटवे, लावता येतात, पण गवत वाळवतात कसं ते दिसत नाही.

खानापूर-जांबोटी रस्त्याला एका दूधवाल्याच्या तांबड्या माळावर थांबलो. बांधापलीकडे नेहमीचं कुसळी गवत. ते दिवाळीनंतर कापायची आपली जुनी रीत, पण तोवर कुसळं टणक होऊन जनावरांच्या तोंडात रुततात आणि काडीतला कसही गेलेला असतो. बांधाअलीकडे त्यानं मारवेल गवत लावलंय. काडी बारीक, पानं भरपूर, फुलोरा नुकताच निघालेला. कापणी याच वेळी धरायची. वजन वाढेल म्हणून बी पिकेपर्यंत थांबलात तर हाती काड्या येतात. नेपियर जाड दांड्याचं, ते हिरवं कुट्टी करून घालायला उत्तम. वाळवायच्या भरीस पडू नका.

सकाळचं दव उडाल्यावर कापायचं, पातळ पसरायचं, दुपारी दाताळ्यानं उलटायचं. चांगलं ऊन असेल तर दोन-तीन दिवसांत काम होतं. या पट्ट्यात पाऊस लांबतो, म्हणून तो एका वेळी थोडंच कापतो. ‘‘पिळून बघा की, अण्णा,’’ म्हणत त्यानं मूठभर गवत हातात दिलं. पेरापाशी काडी कडकन मोडली, पान मात्र हिरवट होतं. काडी नुसती वाकली तर अजून ओल आहे. गंजी दगडांवर फांद्या टाकून रचलेली, कारण वाळवी. मध्येच कोपरापर्यंत हात खुपसून त्यानं ऊब लागते का ते पाहिलं. ओलं गवत रचलं की गंजी आतून तापते, बुरशी येते. फारच तापली तर पेटतेसुद्धा.

धारवाडला झाशीच्या भारतीय चारा संशोधन संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. बेळगावहून कित्तूरवरून पाऊणशे किलोमीटरच्या आसपास, बस सारख्या असतात. संपूर्णा नावाचं डीएचएन-६ हे संकरित नेपियर इथलंच. जाण्याआधी फोन करून कोणतं बियाणं, ठोंब शिल्लक आहेत ते विचारा, आणि तुमच्या जमिनीचा प्रकार सांगा. सल्ला त्यावरच ठरतो. मराठीत बोललं तर चालून जातं, फलक मात्र कन्नडमध्ये. ठोंब घेतले असतील तर पेढ्याच्या रांगेत उभे राहू नका. ओल्या पोत्यात गुंडाळून थेट घरी, आणि जमलं तर दुसऱ्याच दिवशी लागण.

मारवेल दीड-दीड फुटावर लावलं तर एकरी वीस हजारांच्या जवळ ठोंब लागतात. एवढे विकत आणण्यापेक्षा दोन गुंठ्यांचा वाफा करा आणि पुढच्या मृगाला त्यातूनच फोडा. बी पेरायचं तर ते कापसासारखं हलकं, वाऱ्यावर जातं. ओलसर मातीत कालवून वरच्यावर फेका. बोटभर खोल गेलं की उगवत नाही. सोबत स्टायलो टाका. द्विदल असल्यानं वैरणीतली प्रथिनं वाढतात. त्याच्या बियांचं साल टणक, गरम पाण्यातून काढल्याशिवाय फुटत नाही.

अथणी-कागवाडकडच्या पाहुण्यांची जमीन नदीकाठची, क्षारानं चोपण झालेली. तिथं मारवेल तग धरतं, ऱ्होड्स गवतही खारटपणा सोसतं. निव्वळ कोरड्या माळाला अंजन गवत बरं.

पहिल्या वर्षी गुरं आत सोडू नका, मुळासकट उपटतात. कापून घाला, तेही चार बोटं बुडखा ठेवून. आमच्याकडे कुंपण नाही, शेजारच्या शेळ्या मोकाट. तेव्हा भावोजी आधी काटेरी तारेचा भाव काढायला गेलेत.