एमजीबीत शेवटी हीटर बसला!
एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी १९६२ ला आली तेव्हा हीटर एक्स्ट्रा घ्यावा लागायचा, आणि माझ्या गाडीत तो नव्हताच, त्यात आता इंजिन दुसऱ्याच गाडीचं, म्हणजे जुन्या पाइपांची जागा वगैरे काही जुळत नाही. हीटर कोअर म्हणजे छोटा रेडिएटरच, इंजिनचं गरम कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) त्यातून फिरतं आणि ब्लोअर, म्हणजे पंखा, त्यावरून हवा ढकलतो. खरा प्रश्न होता कूलंट घ्यायचं कुठून. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारा वॉल्व्ह, त्याच्या आधी, सिलिंडर हेडमधून घ्यायचं आणि परत वॉटर पंपाच्या सक्शनला (ओढणाऱ्या बाजूला) सोडायचं, थर्मोस्टॅटनंतर घेतलं तर इंजिन तापेपर्यंत थंड हवाच खा.

आणि हे नीट ऐका, काही इंजिनांत हीटरची लाइन हाच बायपास (थर्मोस्टॅट बंद असताना कूलंट फिरायची वाट) असतो, तिथे साधा वॉल्व्ह बंद केला की थर्मोस्टॅटजवळचं पाणी फिरतच नाही. म्हणून मी ४ तोंडांचा वॉल्व्ह लावला, हीटर बंद केला तरी कूलंट फिरत राहतं. ब्लोअरला रिले (मोठा करंट सांभाळणारा स्विच) आणि वेगळा फ्यूज दिलाच.

पहिल्यांदा हवा कोमटच आली, कोअर वर असल्याने हवा अडकलेली, गाडीचं नाक वर करून एअर काढली. काल पहाटे काचेवरचं धुकं झरझर गेलं, इतका आनंद झाला ना!