तुम्ही विचारलंत म्हणून: दुसरीनं हे चित्र कसं चालवून घेतलं?

लंडनच्या टेट ब्रिटन या कलासंग्रहालयात कुणालाही घेऊन गेले, की सॉल्टनस्टॉल कुटुंबाच्या चित्रासमोर हा प्रश्न येतोच, आणि बहुतेक वेळा बायकांकडून येतो. ‘नवऱ्याची पहिली बायको अशी भिंतभर, रोज डोळ्यांसमोर. त्या दुसरीनं कसं चालवून घेतलं असेल हो?’ तिथं गर्दीत उभ्या उभ्या बोलणं अर्धवट राहतं, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

चित्र चांगलं दोन मीटरहून उंच आणि पावणेतीन मीटर रुंद आहे. मधोमध लाल पडद्यांचा पलंग. त्यावर पांढऱ्या चादरींत एक फिकुटलेली बाई, चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नाही. पण तिचा हात मुलांच्या दिशेनं पुढे आलेला. पलंगाशी काळ्या पोशाखातले, उंच टोपी घातलेले सर रिचर्ड सॉल्टनस्टॉल. नॉर्थॅम्प्टनशरमधल्या चिपिंग वॉर्डनचे हे जमीनदार. त्यांच्या बाजूला दोन मुलं. उजवीकडे खुर्चीत शुभ्र पोशाखातली दुसरी बाई, मांडीवर लाल वस्त्रात गुंडाळलेलं बाळ.

पलंगावरची एलिझाबेथ १६३० मध्ये वारली. खुर्चीतल्या मेरीशी लग्न झालं १६३३ मध्ये. चित्र साधारण १६३६-३७ चं. म्हणजे ही माणसं अशी एका खोलीत कधी जमलीच नव्हती. चित्र डेव्हिड डे ग्रांजेसचं मानलं जातं. तळहातात मावतील अशी चिमुकली व्यक्तिचित्रं काढणारा हा माणूस, आणि इथं त्यानं वारलेल्या बाईला घरच्यांत बसवलं. त्या काळच्या इंग्रजांना यात विचित्र काही वाटलं नसणार. गावच्या चर्चमधल्या थडग्यांवर नवरा आणि त्याच्या दोन बायका, वारलेली आणि हयात, एकत्र कोरलेल्या ते दर रविवारी पाहत होते.

मुलांकडे मात्र जरा थांबून बघा. दोघांनी घोळदार झगे घातलेत, त्यामुळे सगळ्यांना दोन मुलीच वाटतात. पण मोठा तो मुलगा, रिचर्ड. सहा-सात वर्षांपर्यंत मुलग्यांनाही झगेच घालत. धाकटी बहीण ॲन. वडिलांनी रिचर्डचा हात धरलाय आणि रिचर्डनं ॲनचं मनगट. त्या मनगटावरच्या बोटांपाशी मी दर वेळी रेंगाळते. जमीन थोरल्या मुलाकडे जाण्याच्या त्या काळात ही साखळी सांगते, की वारस पहिलीचा आहे, आणि आई गेली तरी ही दोन्ही मुलं या घरचीच.

मग मेरीला काय मिळालं? माझ्या मते, बरंच काही. तिला कोपऱ्यात उभं केलेलं नाही. ती ऐसपैस बसली आहे, आणि घरातलं सगळ्यात नवं मूल तिच्या मांडीवर आहे. तिला इथं कुणी चोरून आल्यासारखं दाखवलेलं नाही. या दोघींना सवती म्हणून बघायला माझं मन घेत नाही. एकीचं घर दुसरीनं पुढे चालवलं, एकीची मुलं दुसरीनं सांभाळली.

आणि मेरीला स्वतःचीही काळजी असणारच. बाळंतपणात बायका जात होत्या. थोरामोठ्यांच्या घरांतही जात होत्या. मँचेस्टर आर्ट गॅलरीत जॉन सूचचं १६३५ चं चित्र आहे, सर थॉमस ॲस्टन यांच्या पत्नीच्या मृत्यूशय्येचं. ती बाळंतपणातच गेली. त्या चित्रातला पाळणा काळ्या कापडानं झाकलेला आहे आणि वर मानवी कवटी ठेवली आहे. ते चित्र मला फार वेळ बघवत नाही.

मांडीवर बाळ घेऊन बसलेल्या मेरीला ही भीती परकी नव्हती. उद्या आपलंच काही बरंवाईट झालं तर या घरात आपलं काय होईल, आपल्या बाळाचं काय होईल, याचं उत्तर तिला त्या पलंगाकडे बघून मिळत होतं. सहा-सात वर्षांनंतरही एलिझाबेथला कुणी पुसून टाकलेलं नव्हतं, तिच्या मुलांचे हात सुटलेले नव्हते. म्हणून मला वाटतं, मेरीनं हे चित्र नुसतं चालवून घेतलं नसेल. ते तिला हवंच असेल.