सहीखालची जबाबदारी : आमची वाटचाल

आमचा व्यवसाय दोन माणसांचा. दादा चित्रं काढतो. कागद, रंग, फ्रेमा, हिशेब, करार आणि गिऱ्हाईक हे सगळं माझ्याकडे. आज आमचा स्वतःचा स्टुडिओ आहे, दादाची चित्रं कलादालनांत लागतात, मोठ्या भिंतींची कामं बोलावून मिळतात. ही ओळख कशी मिळाली, असं विचारणाऱ्यांना बहुतेक वेळा एकच गोष्ट ऐकायची असते : कुणीतरी मोठा माणूस फुटपाथवरून जाता जाता थांबला आणि नशीब पालटलं. आमच्याकडे असा माणूस आला नाही. चित्र विकून झालं तरी त्याची जबाबदारी आपलीच, हे आम्ही पाळायला लागलो आणि त्यानंतर हळूहळू लोक दादाचं नाव लक्षात ठेवू लागले.

सुरुवातीला आम्ही फुटपाथवर बसायचो आणि मांडणी साधी होती. दोन घडीची स्टुलं, चित्र टेकवायला एक इझल, ताडपत्री, आणि दोरीला चिमट्यांनी अडकवलेली जलरंगातली छोटी चित्रं. कमाई मुख्यतः समोर बसवून काढलेल्या व्यक्तिचित्रांवर व्हायची. चारकोलमधलं, म्हणजे कोळशाच्या कांडीने काढायचं, व्यक्तिचित्र फुटपाथवर काढणं किती अवघड असतं, हे मी रोज शेजारी बसून पाहिलं आहे. समोरच्या माणसाला फार तर पंधरा-वीस मिनिटं धीर असतो. लहान मूल असेल तर तेवढाही नाही. तेवढ्या वेळात डोळे-नाक सुबक काढून भागत नाही. डोक्याचा कल, मान खांद्यावर कशी बसली आहे, दोन डोळ्यांत अंतर किती, हे आधी पकडावं लागतं. साधारणपणे ते अंतर एका डोळ्याएवढं असतं. एखाद्याचं ते किंचित जास्त असतं, एखाद्याचं किंचित कमी, आणि त्या किंचितमध्येच तो माणूस असतो. तिथे हात चुकला तर पुढे कितीही घोटलं तरी चित्र दुसऱ्याच कुणाचं तरी होतं.

शिवाय पाठीमागे बघ्यांची गर्दी. एक नजर कागदावर, एक नजर चेहऱ्यावर. चित्र जुळत चाललं की पाठीमागची कुजबूज बंद होते, बिघडत चाललं की लोक हळूच निघून जातात. दादा मान न वळवता हे ओळखायचा. कलाशिक्षणाबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण इतक्या तत्काळ लागणारा निकाल कुठल्याही वर्गात नसतो, असं माझं ठाम मत आहे. फुटपाथवरून वर आलेल्या चित्रकाराच्या रेषेत जो धीटपणा दिसतो, तो तिथूनच येतो.

मी तिथे विकायला शिकले. तयार चित्रांपेक्षा अर्धवट चित्रापुढे लोक जास्त थांबतात. हातात धरून नेता येईल तेवढंच चित्र चालता माणूस घेतो. भाव विषयावरून नाही, आकारावरून ठरवावा आणि तो लिहून लावावा, म्हणजे तोंड बघून भाव सांगितल्याचा संशय येत नाही. आणि जो माणूस एकदा पाहून जातो, पुन्हा येतो, काही न बोलता तेच चित्र पाहत उभा राहतो, त्याला काहीही विकायचा प्रयत्न करायचा नाही. तो स्वतःच विचारतो.

घासाघीस मात्र सतत चालायची. फुटपाथवरचं चित्र म्हणजे स्वस्तच असायला हवं, हा समज फार खोल आहे. तो चित्राबद्दलचा नसून जागेबद्दलचा आहे, हे मला बँक्सीच्या एका प्रसंगावरून लख्ख कळलं. ऑक्टोबर 2013 मध्ये या जगप्रसिद्ध पण अनाम चित्रकाराने न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळ एक साधी टपरी मांडली. गल्ल्यावर एक म्हातारे गृहस्थ बसवले आणि स्वतःची सही असलेली अस्सल चित्रं प्रत्येकी 60 डॉलरला ठेवली. दिवसभरात गिऱ्हाइकं आली तीन. त्यातल्या एका बाईंनी घासाघीस करून दोन चित्रं अर्ध्या किमतीत नेली. एकूण विक्री 420 डॉलर. दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या संकेतस्थळावर ती चित्रं आपलीच होती असं जाहीर केलं आणि त्या क्षणापासून त्यांची किंमत कैक पटींनी वाढली. चित्रं तीच, कॅनव्हास तोच. आदल्या दिवशी त्यांच्यामागे कुणी उभं नव्हतं, दुसऱ्या दिवशी चित्रकार स्वतः उभा राहिला.

याच बँक्सीने 2008 मध्ये पेस्ट कंट्रोल नावाचं कार्यालय सुरू केलं. चित्र त्याचंच आहे की नाही हे तपासून दाखला देणं, हे त्या कार्यालयाचं काम. रस्त्यावरच्या भिंतींवर काढलेल्या कामांना मात्र ते दाखले देत नाहीत, कारण ती कामं जागच्या जागी राहावीत, उखडून विकली जाऊ नयेत, अशी भूमिका आहे. रात्रीच्या अंधारात भिंती रंगवणारा माणूस नोंदी आणि दाखल्यांच्या बाबतीत इतका काटेकोर आहे, हे वाचून मला फार बळ आलं. कारण तेव्हा मी नोंदवही ठेवायला लागले होते आणि फुटपाथवर नोंदवही कशाला, असं पुष्कळांना वाटत होतं.

नोंदवहीआधीची गोष्ट रंगांची आणि कागदाची. एका काकूंनी चित्र हातात घेऊन विचारलं, "ताई, घरात उजेड खूप येतो. रंग उडणार नाही ना?" प्रश्न साधा होता. त्याचं खात्रीचं उत्तर देता यावं म्हणून मी रंगांच्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचायला सुरुवात केली. चांगल्या कंपन्या प्रत्येक रंगावर त्यातल्या रंगद्रव्याचा क्रमांक आणि प्रकाशात टिकण्याचा दर्जा छापतात. एएसटीएम या अमेरिकी मानकात एक आणि दोन दर्जाचे रंग कायमच्या कामाला चालतात. दुसरी पद्धत ब्लू वूलची : निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्या उजेडात ठेवायच्या, पहिली सर्वांत लवकर फिकी पडते, आठवी सर्वांत उशिरा, आणि आपला रंग कुणाबरोबर उडतो ते पाहायचं. जुना ॲलिझरिन क्रिमझन हा देखणा लाल उजेडात टिकत नाही. त्याच्या जागी क्विनाक्रिडोन या रंगद्रव्याचे लाल वापरता येतात. चमकणारे फ्लुरोसंट रंग फुटपाथवर लांबून ओढून घेतात, पण घरी भिंतीवर सर्वांत आधी तेच मरतात. व्हॅन गॉगने 1888 मध्ये रंगवलेल्या आपल्या खोलीच्या भिंती जांभळट होत्या. त्यातला लाल उडून गेला आणि आज आपण त्या निळ्या पाहतो. एवढ्या मोठ्या चित्रकाराच्या रंगाची ही गत होते, तर आपण केवढं जपायला हवं.

मग आम्ही घरीच पट्ट्या केल्या. प्रत्येक रंगाचा एकेक पट्टा ओढायचा, अर्ध्यावर जाड पुठ्ठा बांधायचा आणि उन्हाच्या खिडकीत ठेवून द्यायचा. काही महिन्यांनी पुठ्ठा काढला की दोन्ही अर्धे शेजारी-शेजारी खरं सांगतात. या परीक्षेत नापास झालेले रंग दादाच्या पेटीतून बाहेर गेले. त्यातले दोन त्याच्या फार आवडीचे होते, तरी गेले. कागदही बदलला. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदात लिग्निन हा लाकडातला घटक असतो, त्यामुळे तो पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. आम्ही आम्लरहित सुती कागदावर आलो. चारकोल निसटू नये म्हणून त्यावर फिक्सेटिव्हचा फवारा, चित्राभोवतीचा माउंटचा पुठ्ठाही आम्लरहित, आणि काच चित्राला टेकू नये म्हणून मध्ये खिडकीचा माउंट. भाव वाढवावा लागला. काही जुनी गिऱ्हाइकं तुटली, पण जी राहिली ती आपल्या ओळखीच्यांना घेऊन आली.

नोंदवहीत मी प्रत्येक चित्राला क्रमांक द्यायला लागले. नाव, माप, कागद, रंग, तारीख, कुणी नेलं, आणि चित्राचा एक फोटो. चित्राच्या मागे तोच क्रमांक, पुढे दादाची सही. पत्ता लिहून द्यायला लोक सुरुवातीला बिचकायचे. पुढे कधी चित्राला काही झालं तर आमच्याकडे आणता यावं म्हणून हे आहे, असं सांगितलं की आनंदाने द्यायचे.

छापील प्रती काढायच्या की नाही यावर आमचे दोघांचे बरेच वाद झाले. दादाचं म्हणणं, एकदा प्रती आल्या की मूळ चित्राचा मान जातो. माझं म्हणणं, ज्याला मूळ परवडत नाही त्यानेही रिकाम्या हाताने का जावं? मला इथे कीथ हॅरिंग हा अमेरिकन चित्रकार आठवायचा. 1980 ते 1985 या काळात त्याने न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत, जाहिरातींच्या रिकाम्या काळ्या कागदांवर खडूने शेकडो चित्रं काढली. अनेकदा पोलिसांनी धरलं. नाव झाल्यावर 1986 मध्ये त्याने पॉप शॉप नावाचं दुकान उघडलं आणि टी-शर्ट, पोस्टर, बिल्ले विकायला ठेवले. कलाजगतातून टीका झाली, पण खडूची चित्रं पाहत रोज प्रवास करणाऱ्या माणसाला ती घरी नेता आली. शेवटी आम्ही मधला मार्ग धरला. निवडक चित्रांच्याच प्रती, त्याही मोजक्या. रंगद्रव्याच्या शाईत, सुती कागदावर. प्रत्येकीवर दादाची सही आणि एकूण प्रतींपैकी ही कितवी तो आकडा. ठरलेली संख्या संपली की त्या चित्राची छपाई कायमची बंद. मागणी कितीही असो, हे आम्ही आजवर मोडलेलं नाही.

भिंतींची कामं फुटपाथच्याच ओळखीतून आली. भिंत म्हणजे मोठा कागद नव्हे. आधी ओल कुठून येते ते शोधावं लागतं. भिंतीला लोणा लागलेला असेल तर वर कितीही भारी रंग लावा, क्षार त्याला आतून ढकलतात आणि पोपडे निघतात. नव्या सिमेंटच्या गिलाव्याला किमान चार आठवडे द्यावे लागतात. घाई करणारे मालक आम्ही नम्रपणे थांबवतो, नाही थांबले तर काम सोडतो. खडबडीत गिलाव्यावर काही ठिकाणी सिलिकेट रंग वापरतो. 1878 मध्ये जर्मनीत काइम यांनी पेटंट घेतलेले हे रंग भिंतीवर थर होऊन बसत नाहीत, तिच्याशी रासायनिक रीतीने एकजीव होतात आणि भिंतीला श्वास घेऊ देतात.

भिंतीचा करारही मी तितक्याच काळजीने करते. न्यूयॉर्कमध्ये फाइव्ह पॉइंट्झ नावाच्या इमारतीवर चित्रकारांनी वर्षानुवर्षं मालकाच्या परवानगीने चित्रं काढली होती. 2013 मध्ये मालकाने ती एका रात्रीत पांढऱ्या रंगाने पुसली. 2018 मध्ये न्यायालयाने 45 चित्रांसाठी 67.5 लाख डॉलरची भरपाई द्यायला लावली आणि वरच्या न्यायालयात 2020 मध्ये तो निकाल कायम राहिला. भिंत मालकाची असली तरी चित्रकाराचा त्या कामाशी असलेला संबंध संपत नाही, हे एवढ्या स्पष्टपणे मांडलं गेलं याचं मला समाधान आहे. आमच्या करारात एक कलम पक्कं असतं : भिंत पाडायची किंवा रंगवायची झाली तर आधी लेखी कळवायचं, म्हणजे कामाचे नीट फोटो तरी घेता येतील.

कलादालनांची दारं सहज उघडली नाहीत. "फुटपाथवर विकता ना?" हे वाक्य निरनिराळ्या सुरांत ऐकलं. कलादालनाचं कमिशन अनेकदा विक्रीच्या निम्म्यापर्यंत जातं, आणि त्यामुळे तिथला भाव व बाहेरचा भाव वेगळा ठेवायचा मोह होतो. आम्ही कुठेही विकलं तरी भाव एकच ठेवला. खरा बदल एका संयोजकांमुळे झाला. त्यांना दादाच्या कामाचा सुरुवातीपासूनचा प्रवास दाखवायचा होता, आणि फुटपाथवर विकलेली जुनी चित्रं मिळणार कुठून, हा प्रश्न होता. मी नोंदवही पुढे ठेवली. आम्ही एकेकाला फोन लावले. बहुतेकांनी चित्र काही आठवड्यांसाठी आनंदाने दिलं, कित्येक जण स्वतः घेऊन आले. उद्घाटनाला आपापल्या तरुणपणीच्या चेहऱ्याशेजारी उभी असलेली ती माणसं पाहून दादा बराच वेळ काही बोललाच नाही. त्या प्रदर्शनाबद्दल लिहून आलं, पुढची बोलावणी आली. त्या प्रदर्शनाची चित्रं जमली ती वहीमुळे.

आता फुटपाथवर बसणारे आणखी काही चित्रकार आमच्याबरोबर आहेत. स्वामित्वहक्क चित्रकाराकडेच राहतो, प्रत काढायची तर त्याची लेखी संमती लागते. चित्राबरोबर आम्ही जो दाखला देतो त्यावर आणखी एक ओळ आहे, तिच्यामागे जाँ-मिशेल बास्किया हा अमेरिकन चित्रकार आहे. तरुणपणी तो न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर हाताने केलेली पोस्टकार्डं विकायचा, प्रसिद्ध चित्रकार अँडी वॉरहॉलनेही एक घेतलं होतं. 1988 मध्ये वयाच्या 27 व्या वर्षी तो गेला. 2017 मध्ये त्याचं 1982 मधलं एक चित्र लिलावात 11.05 कोटी डॉलरला गेलं. असा पैसा मुख्यतः विकणाऱ्याकडे जातो. फेरविक्रीत चित्रकाराला वाटा देणारा कायदा फ्रान्सने 1920 मध्येच केला, पण सगळीकडे तो नाही. म्हणून आमच्या दाखल्यावर छापलेलं असतं की चित्र पुढे विकल्यास आम्हाला कळवावं आणि वाढीव किमतीतला ठरलेला हिस्सा चित्रकाराला द्यावा. आतापर्यंत ज्यांनी चित्रं पुढे विकली आणि कळवलं, त्यांनी हिस्सा दिला आहे.

सध्या एक काम हातात आहे : नोंदवही सुरू होण्याआधी विकलेली चित्रं शोधायची. तुमच्याकडे दादाने काढलेलं जुनं व्यक्तिचित्र असेल, सही नसली तरी घेऊन या. दादा स्वतः पाहील, त्याचंच असेल तर मागे सही करून क्रमांक देईल. त्याचे पैसे नाहीत. कागद पिवळा पडला असेल किंवा चारकोल निसटत असेल, तर पुढे काय करता येईल तेही सांगू. फक्त चित्र फ्रेममधून घरी काढू नका. जुना कागद काचेला चिकटलेला असू शकतो, आणि ओढला की चारकोल काचेवरच राहतो. ते काम आमच्यावर सोडा.