सेंट अँटनला स्कीईंगसाठी: इन्सब्रुक, म्युनिक की झुरिक?

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास आम्ही तिघं (मी, बायको आणि मुलगी) सेंट अँटनच्या स्टेशनवर उतरलो, तेव्हा लंडनहून येणारा माझा धाकटा भाऊ अजून घरातून बाहेरही पडलेला नव्हता. आम्ही पुण्याहून आदल्या दिवशी दुपारी निघालेलो. त्याचा हिशोब सरळ होता: दोन तासांचं विमान, इन्सब्रुक विमानतळ शहरापासून चार किलोमीटरवर, तिथून सव्वा तासाची रेल्वे. "दादा, तुम्ही उगाच झुरिकवरून वळसा घेताय. मी चहाच्या वेळेला पोचतो," असं त्यानं आठवडाभर आधी ऐकवलं होतं. तो पोचला रात्री सव्वादहाला. वाटेत कुठे कुठे फिरून आला ते पुढे सांगतो.

आधी आमचं गणित. आल्प्समध्ये स्कीईंग म्हटलं की बहुतेक जण नकाशा उघडतात, गावाभोवती वर्तुळ काढतात आणि सगळ्यात जवळचा विमानतळ शोधतात. मीही तेच केलं होतं. सेंट अँटन ऑस्ट्रियात, तिरोल प्रांताच्या पश्चिम टोकाला, १३०४ मीटरवर. जवळचा मोठा पर्याय इन्सब्रुक, साधारण शंभर किलोमीटर. पण मुंबईहून इन्सब्रुकला थेट विमान नाही. व्हिएन्ना किंवा फ्रँकफर्टला विमान बदलायचं, म्हणजे पहिलं विमान उशिरा आलं की दुसरं चुकायची धास्ती. म्युनिकला मुंबईहून थेट जाता येतं, पण म्युनिकचा विमानतळ शहराच्या ईशान्येला आणि डोंगर दक्षिणेला. आधी लोकल रेल्वेनं म्युनिक ऑस्ट स्टेशनला यायचं, तिथून इन्सब्रुकची गाडी, इन्सब्रुकला पुन्हा बदल. बारा वर्षांची मुलगी, तीन मोठ्या बॅगा आणि रात्रभर न झोपलेली आई-वडील मंडळी, एवढ्या लवाजम्यासह तीनदा चढउतार नको वाटला.

झुरिक त्याहून सोपं निघालं. मुंबईचं थेट विमान मध्यरात्रीनंतर सुटतं आणि सकाळी लवकर उतरवतं. रेल्वे स्टेशन विमानतळाच्या पोटातच. तिथून दहा-बारा मिनिटांत झुरिकचं मुख्य स्टेशन, आणि तिथून व्हिएन्नाला जाणारी रेलजेट ही वेगवान गाडी थेट सेंट अँटनला थांबते. अडीच तासांच्या आत-बाहेर. गावाचं स्टेशनही गावातच आहे. २००१ साली तिथे अल्पाइन स्कीईंगची जागतिक स्पर्धा झाली, त्याआधी रेल्वेमार्ग हलवून नवं स्टेशन बांधलं. आम्ही बॅगा ओढत हॉटेलला चालत गेलो, टॅक्सी लागलीच नाही.

या गाडीत झुरिकहून निघताना डाव्या खिडकीची जागा घ्या. आधी झुरिकचं सरोवर, मग वालेनझे हे दुसरं सरोवर, दोन्ही डावीकडेच. बुक्सला गाडी दिशा बदलते, त्यामुळे तोवर पुढे तोंड करून बसलेले सगळे उलटे होतात. आमच्या मुलीला वाटलं गाडी परत झुरिकला चालली. मग लिकटेनश्टाइन हा अख्खा देश काही मिनिटांत सरतो, आणि शेवटी आर्लबर्गचा बोगदा. १८८४ सालचा, दहा किलोमीटरांहून लांब. बोगद्याच्या अलीकडे आभाळ करडं होतं, पलीकडे निघालो तर बर्फ आणि ऊन. बायको म्हणाली, "खंडाळ्याचा घाटच की हा, फक्त वडापाव नाही."

तिकिटाबद्दल एक सूचना. ऑस्ट्रियन रेल्वेची स्पारशीने नावाची सवलतीची तिकिटं आधी काढली तर फार स्वस्त पडतात, पण ती त्याच गाडीला चालतात. विमान उशिरा आलं की तिकीट गेलं. आम्ही उतरण्याची वेळ आणि गाडी यांत दोन तासांहून जास्त अंतर ठेवलं होतं. पासपोर्टची रांग, सामानाचा पट्टा आणि थंडीचे कपडे चढवणं यांत त्यातला दीड तास खर्च झाला. याहून कमी अंतर असेल तर पूर्ण दराचं तिकीट काढा, मनःशांतीची किंमत समजा. जागेचं आरक्षण वेगळं करावं लागतं. ते सक्तीचं नाही, पण शनिवारी करून टाका. आमच्या डब्यात दोन कुटुंबं बॅगांवर बसून आली.

व्हिसाचा गोंधळ बऱ्याच जणांचा होतो. उतरायचं स्वित्झर्लंडला आणि राहायचं ऑस्ट्रियात, मग अर्ज कुणाकडे? जिथे मुख्य मुक्काम, त्या देशाकडे. आमच्या सातही रात्री ऑस्ट्रियातच होत्या, म्हणून ऑस्ट्रियाचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा सामाईक व्हिसा), आणि झुरिकला त्यावर बिनतक्रार प्रवेश मिळाला. दोन देशांत सारख्याच रात्री असतील, तर जिथे पहिलं पाऊल ठेवणार त्या देशाकडे अर्ज करायचा. सामानात थालीपीठाची भाजणी, मेतकूट, लसूण चटणी न्यायला हरकत नाही. तूप, पेढे, बर्फी मात्र घरीच ठेवा. बाहेरच्या देशांतले दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तिथे नेऊ देत नाहीत. बायकोनं भावोजींसाठी बांधलेला तुपाचा डबा मी मुंबईला निघण्यापूर्वी काढून ठेवला. त्यावरून घाट उतरेपर्यंत बोलणी खाल्ली.

आता भावाची कहाणी. त्याचं विमान दुपारी वेळेवर इन्सब्रुकवर आलं आणि घिरट्या घालू लागलं. त्या दिवशी फ्योन सुटला होता. फ्योन म्हणजे दक्षिणेकडून आल्प्स ओलांडून येणारा वारा. पलीकडे पाऊस-बर्फ टाकून कोरडा होतो आणि अलीकडच्या दरीत उतरताना दाबला जाऊन गरम होतो. ब्रेनर खिंडीतून तो थेट इन्सब्रुकवर कोसळतो. विमानतळ अरुंद दरीत, उत्तरेला नॉर्डकेटचा कडा, धावपट्टी एकच आणि ती दोन किलोमीटरची. तिथे विमान उतरवायला वैमानिकांना वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं. यावरून जागेची कल्पना यावी. खाली गावात आभाळ निळंशार असतं, बर्फाचा कण पडत नसतो, आणि तरीही विमान उतरू शकत नाही. आपल्याला धुक्यानं विमानं अडतात एवढंच माहीत, त्यामुळे भावाला खिडकीतून धावपट्टी स्वच्छ दिसत असताना विमान वर का उचललं ते कळेना. दोन प्रयत्न झाले. दुसऱ्या वेळी विमानातल्या बऱ्याच जणांनी कागदी पिशव्या वापरल्या म्हणे. मग वैमानिकानं म्युनिकला जात असल्याचं जाहीर केलं.

म्युनिकला उतरल्यावर खरी वेळ गेली. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, म्हणजे पासपोर्टची रांग तिथेच लागली, आणि तीही अनपेक्षित आलेल्या दोन-तीन विमानांची मिळून. मग सामान. मग विमान कंपनीनं बोलावलेल्या बसची दीड तास वाट. मग शनिवारची वाहतूक. आल्प्समधली बहुतेक हॉटेलं आणि भाड्याची घरं हंगामात शनिवार ते शनिवार अशीच मिळतात. जुने पाहुणे निघतात आणि नवे येतात एकाच दिवशी, एकाच रस्त्यानं. इन्सब्रुकला बस पोचेपर्यंत पावणेनऊ वाजले. तिथून गाडी पकडून तो आला. भावजय बर्फाळ फलाटावर उतरली आणि काही न बोलता तिनं बायकोच्या हातातला चहाचा थर्मास घेतला.

असं झालं तर लक्षात ठेवायचं: हवामानामुळे विमान दुसरीकडे उतरवलं तर युरोपच्या नियमांप्रमाणे रोख भरपाई मिळत नाही, पण ठरल्या ठिकाणी पोचवण्याची आणि वाटेत खाण्यापिण्याची जबाबदारी विमान कंपनीचीच असते. स्वतःच्या खिशातून टॅक्सी करण्याआधी विचारून घ्या, आणि केलीच तर पावत्या जपा. भावानं सँडविचच्या पावत्या टाकून दिल्या.

म्हणून इन्सब्रुक वाईट असं मी म्हणणार नाही. लंडनहून येणाऱ्यासाठी दहांतल्या बहुतेक वेळा तेच सोयीचं. पण त्या दिवशी संध्याकाळी तुमच्या हातात काय उरतं ते बघून ठेवा. दुपारी दोनला उतरणार असाल तर म्युनिकमार्गे रात्रीपर्यंत पोचता येतं. संध्याकाळी सातचं विमान असेल, तर रात्र म्युनिकलाच. मी तर विमानतळ निवडताना आता एवढंच बघतो, की शेवटच्या टप्प्यावर गडबड झाली तर काही वेळानं पुढची गाडी आहे का. झुरिकची एक रेलजेट चुकली तरी पुढच्या दोन-तीन तासांत दुसरी सोय होते. रात्री उशिरा निघणारी एकुलती ट्रान्सफर बस चुकली की काही उरत नाही.

हे शहाणपण मला एकदम आलेलं नाही. त्याआधी दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या मित्रांबरोबर शामोनीला गेलो होतो, जिनिव्हावरून. शामोनी फ्रान्समध्ये असलं तरी जिनिव्हाच त्याचा खरा विमानतळ. गाडीनं सव्वा तास, बसची रेलचेल, त्याबद्दल वाद नाही. गंमत अशी की जिनिव्हा विमानतळाला स्विस आणि फ्रेंच अशा दोन बाजू आहेत. भाड्याची गाडी फ्रेंच बाजूला स्वस्त दिसली, म्हणून तीच घेतली. फ्रेंच बाजूची वाट फेर्ने-व्हॉल्तेर गावात निघते. पुढे शामोनीला जायचं तर मध्ये अख्खं जिनिव्हा. स्विस महामार्गावर जायला चाळीस फ्रँकचा वार्षिक स्टिकर लागतो, तो स्विस बाजूच्या गाड्यांवर असतो, आमच्या गाडीवर नव्हता. मग गल्लीबोळांतून, ट्रामच्या मागे मागे, शहर ओलांडण्यात तास गेला. टायरही बघून घ्यावे लागतात: फ्रान्सच्या डोंगराळ भागात १ नोव्हेंबर ते ३१ मार्च हिवाळी टायर किंवा साखळ्या बंधनकारक आहेत, आणि फ्रेंच बाजूला ते गृहीत धरू नयेत. परत येताना मोबाइलच्या नकाशात नुसतं 'जिनिव्हा विमानतळ' टाकलं आणि स्विस बाजूला पोचलो. गाडी द्यायची होती कुंपणापलीकडे. विमान मिळालं, पण धापा टाकत. तुम्ही स्विस बाजूचीच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. आणि आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून न्यायला विसरू नका.

बाकीच्या ठिकाणांचं थोडक्यात. स्वित्झर्लंडमधल्या झरमॅटला जाणाऱ्यांना वाटतं जिनिव्हा सोयीचं, पण २००७ साली लोचबर्गचा खालचा बोगदा सुरू झाल्यापासून झुरिकहून रेल्वेनं साडेतीन तासांत जाता येतं, जिनिव्हाहून चारच्या आसपास लागतात. दोन्हीकडून फिस्पला गाडी बदलायची. गावात मोटारींना बंदी आहे, त्यामुळे भाड्याची गाडी घेऊन उपयोग नाही, ती टेशला ठेवावी लागते. वाल तोरांस, कुर्शवेल या फ्रेंच गावांना जिनिव्हा किंवा लियाँ. शांबेरी त्याहून जवळ, पण सरोवराकाठी असल्यानं धुक्यात अडकण्याची धास्ती. इटलीतल्या सेस्त्रियेरला तोरिनो. डोलोमाइटला व्हेनिस किंवा व्हेरोना. किट्सब्युलला साल्झबुर्ग, पण भारतातून म्युनिकच सरळ पडतं.

सेंट अँटनबद्दल एक कबुली द्यायला हवी. पहिल्यांदाच स्की पायात घालणाऱ्यांसाठी ते सोपं गाव नाही. नासेराइन भागात शिकाऊंसाठी बरा उतार आहे, आमचे पहिले तीन दिवस तिथेच गेले. सकाळी लवकर पोचल्याचा फायदा मात्र झाला. दुकानदारानं त्याच दुपारी बूट-स्की देऊन टाकले आणि भाडं दुसऱ्या दिवसापासून लावलं. रविवारी सकाळी तिथे उभी असलेली लांबलचक रांग आम्ही कॉफी पीत पाहिली. भाऊ त्या रांगेत होता.

परतीचं वेगळं गणित होतं. आमचं विमान दिवसाचं होतं, म्हणजे सेंट अँटनहून भल्या पहाटे निघावं लागलं असतं. आणि आर्लबर्गवर जोराचा बर्फ झाला की हिमस्खलनाच्या भीतीनं रस्ता आणि कधीकधी रेल्वेही बंद ठेवतात. म्हणून शेवटची रात्र आम्ही फेल्डकिर्खला काढली. ऑस्ट्रियातच, पण बोगद्याच्या अलीकडे, झुरिकच्या बाजूला, आणि झुरिकच्या मानानं हॉटेल निम्म्याहून स्वस्त. शुक्रवारी रात्रभर बर्फ पडला. डोंगरावर काय झालं याची काळजी आम्हाला नव्हती. भाऊ पूर्वेला, इन्सब्रुकला जाणार होता, त्याला बोगद्याशी देणंघेणंच नव्हतं.

शनिवारी सकाळी फेल्डकिर्खच्या फलाटावर आम्ही गाडीची वाट पाहत होतो, आणि गाडी पस्तीस मिनिटं उशिरा असल्याचा फलक लागला. तेवढ्यात फोन वाजला. भावानं इन्सब्रुकहून फोटो पाठवला होता: खिडकीबाहेर उन्हातलं नॉर्डकेट, विमानाचा पंख, आणि खाली एक ओळ. "दादा, अगदी वेळेवर."