तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या गाडीत कुठली गाणी लागतात?

कार्यक्रम संपला की स्टेजमागं दोन प्रकारची माणसं येतात. एक संयोजक, पाकीट घेऊन. हे उशिरा येतात. दुसरी गावातली हौशी पोरं. ही आधी येतात, ढोलकीवर टिचकी मारून बघतात, "किती वर्षं वाजवताय?" विचारतात आणि मग हमखास, "तुमच्या गाडीत काय धमाल असंल ओ! रात्रभर नुसती गाणी. कुठली लावता?"

वीस-बावीस वर्षं हा प्रश्न मागं लागलाय. लग्नात पाहुणे विचारतात, मुलाच्या शाळेत पालकसभेला विचारतात, एकदा टोलनाक्यावर पावती देता देता एकानं विचारलं. मी "कुठलीच नाही" म्हटलं की लोक हसतात. थट्टा करतोय असं वाटतं त्यांना. म्हणून एकदा बैजवार सांगतो.

मी कोल्हापूरचा. ऑर्केस्ट्रात ढोलकी वाजवतो, गरज पडेल तिथं ऑक्टोपॅडही. गायक-वादक, निवेदक धरून तेरा माणसं. साउंडचा टेम्पो सकाळीच पुढं जातो, आम्ही दुपारी बाराला कावळा नाक्यावर जमतो आणि ट्रॅव्हलरनं मागनं निघतो. पाडव्यापासून पाऊस लागेपर्यंत गावोगावच्या यात्रा, मग गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट, मधेमधे लग्नं आणि वाढदिवस. वाढदिवस म्हणजे पुढाऱ्यांचे. पोरांच्या वाढदिवसाला आमची बिदागी परवडत नाही.

मे महिन्यात रत्नागिरीकडं जायचं असतं तेव्हाचा दिवस सांगतो. मुंबईचे चाकरमानी गावी आलेले असतात, सत्यनारायणाची पूजा असते, रात्री आमचा कार्यक्रम. अंतर जेमतेम 130 किलोमीटर, पण मधे आंबा घाट, रस्त्याची कामं आणि मलकापूरचा चहा. चार तास धरायचे. चारला पोचावं तर स्टेजची फळी अजून टेम्पोतच. सहाला साउंड चेक. सातला सुरू करायचं ठरलेलं, पण सत्कार असतात. नारळ, शाल, फेटा, आणि ज्याचं नाव राहिलं तो रुसून बसलेला. साडेसातला पहिलं गाणं. मधेच कुणाचं तरी शंभराचं बक्षीस, त्याचं नाव तीनदा पुकारायचं. दहाला बंद, कारण दहाला गेटपाशी पोलिसाची गाडी येऊन थांबलेली असते. सामान उतरवून, वायरी गुंडाळून, जेवून निघायला साडेबारा. घाट चढून, शाहूवाडी ओलांडून कोल्हापुरात शिरायला पहाट. सतरा तासांतले अडीच तास आम्ही वाजवतो.

दहाचं म्हणाल तर, 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर भोंगा वाजवायचा नाही. वर्षातले फार तर 15 दिवस सरकारला बारापर्यंत सूट देता येते. आमच्यातले जुने लोक चिडतात. त्यांनी रात्री दहाला सुरू करून कोंबडं आरवेपर्यंत वाजवलंय. मी उघडपणे म्हणत नाही, पण मला तो नियम आवडतो. दहाला कुणीतरी आपल्याला गप्प बसवतंय यात मोठं सुख आहे.

आता आवाजाचं. समोर बसून तुम्हाला जो ऐकू येतो तो आवाज वेगळा. स्टेजवर माझ्या डाव्या हाताला, गुडघ्याच्या उंचीवर मॉनिटर असतो, म्हणजे आमचा आवाज आम्हालाच ऐकवणारा स्पीकर, त्याचं तोंड माझ्याकडं. मागं बेस, उजवीकडं कीबोर्ड. गायिकेला आपला आवाज ऐकू येत नाही म्हणून ती साउंडवाल्याला अंगठा वर करून दाखवते, तो वाढवतो, मग मला ढोलकी ऐकू येत नाही म्हणून मी अंगठा दाखवतो. नवाला जो आवाज असतो तो साडेसातच्या दुप्पट झालेला असतो आणि कुणालाच ऐकू येत नसतं.

चार वर्षांपूर्वी बायको म्हणाली, "मी तीनदा हाक मारलो, तुम्ही नुसतं हं हं करताय." (आमच्याकडं बायका असंच बोलतात, पुण्याच्या लोकांनी दचकू नये.) ती डावीकडून बोलत होती. मग तिनं उजवीकडं येऊन हळू आवाजात काहीतरी म्हटलं, ते स्वच्छ ऐकू आलं. काय म्हणाली ते इथं लिहिण्यासारखं नाही.

कानाच्या डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावले, बारीक टिंग टिंग ऐकवलं. ऐकू आलं की बटण दाबायचं. मी अंदाजानं दाबत होतो, ते त्यांच्या लक्षात आलं. कागदावर रेघ आली, ती सरळ जाता जाता 4000 हर्ट्‌झला खड्ड्यात गेली आणि पुढं परत थोडी वर आली. डॉक्टरांनी विचारलं, "कारखान्यात आहात काय? लोहार?" कर्कश आवाजात वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसाचा खड्डा बहुतेक तिथंच पडतो म्हणे. मी म्हटलं, कलाकार आहे. ते म्हणाले, "खड्ड्याला ते कळत नाही."

त्यांनीच हिशेब घातला. 85 डेसिबलला आठ तास चालतात. वर प्रत्येक 3 डेसिबलला वेळ निम्मा करायचा. म्हणजे 100 ला पंधरा मिनिटं. आमचा कार्यक्रम अडीच तासांचा. वर गणपतीत मिरवणुकीतली स्पीकरची भिंत. आमच्याकडं तिला डॉल्बी म्हणतात, त्या नावाच्या कंपनीचा तिच्याशी काही संबंध नाही, पण शब्द रुळलाय. तिच्या शेजारून ट्रॅव्हलर काढताना खिडकीची काच हाताला थरथरताना लागते.

आता मी फोमची बोंडं घालतो, औषधाच्या दुकानात मिळतात ती. त्याआधी कापूस घालायचो. कापसानं काही होत नाही, नुसतं समाधान.

तर गाडी. गाडीत शिरलो की आधी पहिला अर्धा तास कानात घूं चालू असतं. दूर कुठंतरी गिरणी सुरू असल्यासारखं. सगळ्यांच्या कानांत असतं, कुणी बोलत नाही. त्यात गाणं लावायचं म्हणजे बिर्याणीच्या पंगतीतून उठलेल्याला आचाऱ्यानं वडापाव पुढं धरण्यासारखं. घाटाच्या बरीच अलीकडं कुठंतरी ती गिरणी बंद पडते, आणि मग टायरचा आवाज ऐकू येतो. घाटात मामांनी, म्हणजे आमच्या ड्रायव्हरनं, इंजिन बंद करून गाडी बाजूला घेतली (तेराजण चहा प्यायलेले, घेणं भाग असतं) तर रातकिडे ऐकू येतात. रातकिडे ऐकू आले म्हणजे वरची पट्टी अजून शाबूत आहे, असं आमचा बेसवाला म्हणतो. तो उतरला की आधी रातकिडे तपासतो, मग बाकीचं.

तो कान मला उद्या लागणार असतो. ढोलकीचं कातडं बकऱ्याचं, ते हवेवर चालतं. कोकणात दमट हवेत उतरतं, सोलापूरकडं कोरड्या उन्हात चढतं, आणि स्टेजवरच्या दिव्यांखाली अर्ध्या तासात आणखी चढतं. पूर्वीच्या ढोलक्या दोरीच्या आणि कड्यांच्या होत्या, आता नटबोल्टच्या आहेत, खिशात पाना ठेवायचा आणि फिरवायचा. पण किती फिरवायचा ते पाना सांगत नाही. शाईच्या पुडीवर, म्हणजे काळं लावलेल्या कातड्यावर, बोट मारायचं, कान जवळ न्यायचा, पाव फेरा, परत बोट. आजूबाजूला जनरेटर सुरू, माइकवर "हॅलो हॅलो चेक", आणि कमिटीचे अध्यक्ष विचारतायत जेवणात मटण चालतं ना. काळी चार आणि पांढरी पाच या शेजारशेजारच्या पट्ट्यांत मधे बारीक काहीतरी असतं, ते त्या गोंगाटात पकडायचं. आदल्या रात्री कान निजला नसेल तर नाही सापडत. गायिकेनं पहिली ओळ घेतली की ती मान वळवून बघते. त्या बघण्याला मी घाबरतो.

दोन वर्षांपूर्वी कीबोर्डवर नवीन पोरगा आला. हात चांगला, वय एकवीस. पहिल्याच दौऱ्यात त्यानं परतीला ब्लूटूथचा डबा काढून गाणी लावली. कुणी काही बोललं नाही, नवीन आहे म्हणून. पाच मिनिटांत मागच्या सीटवर कुणीतरी मांडीवर ठेका धरला. मग निवेदक म्हणाले, "हा कोरस बघ, आपला पट्टीत नसतो." बेसवाला म्हणाला मागं घे, ते वळण परत ऐकव. परत ऐकवलं. मी म्हणालो आपण तिथं एक मात्रा खातो. तो म्हणाला तू खातोस. रात्रीचे दोन वाजलेले. आमच्या गायिका, पन्नाशीच्या, शालीतून तोंड बाहेर काढून म्हणाल्या, "पोरांनो, रियाजच करायचा असंल तर मला पाचशे जादा द्या, मी उठतो." डबा बंद झाला तो आजतागायत.

आम्हाला गाणं नुसतं ऐकता येत नाही, हे त्या रात्री पोराला कळलं असावं. हलवायाला घरी पेढे दिले तर तो आधी खवा बघतो.

मग ड्रायव्हर जागा कसा राहतो, हा पुढचा प्रश्न मला कुणी विचारत नाही, पण खरा तोच आहे. आमच्या मामांचा उपाय म्हणजे पुढची सीट. ट्रॅव्हलरमध्ये ड्रायव्हरशेजारची सीट ही ड्यूटी आहे. दोन-दोन तास वाटून घ्यायची. तिथं बसणाऱ्यानं झोपायचं नाही आणि गप्पही बसायचं नाही. मामांशी बोलायचं. विषय ठरलेले: उसाला तोड कधी आली, कारखान्याचं बिल जमा झालं का, म्हैस गाभण राहिली का. त्यांची अडीच एकर आहे हातकणंगल्याकडं. मला म्हशीतलं काही कळत नव्हतं, आता एखाद्या पशुवैद्याइतकं कळतं.

आणि डोळे रस्त्यावर ठेवायचे, दोघांचे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळीत सुरू झालं की उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या पाल्याखाली. अंधारात रस्त्याच्याच रंगाची भिंत. एकदा मिरजेकडून येताना मी पुढं होतो. मामा म्हशीचं सांगत होते, आणि वाक्य न तोडता त्यांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा उसाचं एक टिपरं काचेपासून हातभर अंतरावर हलत होतं. मागं दहाजण झोपलेले, एकजण फक्त कुशीवर वळला. मामा म्हणाले, "तर काय सांगत होतो, रेडकू." माझे पाय कोल्हापूर येईपर्यंत लटलटत होते. त्या वेळी गाणं लागलेलं असतं तर काय, याचा मी विचार करत नाही.

मी गाणी लावली ती 2020 साली, घरात. त्या वर्षी पाडवा 25 मार्चला होता आणि त्याच दिवशी देश बंद झाला. आमचा सीझन पाडव्यालाच सुरू होतो. माझ्या डायरीत पाडव्यापासून मे अखेरपर्यंत एकतीस तारखा होत्या, पेन्सिलीनं लिहिलेल्या. पेन्सिलीनं लिहायची सवय होती म्हणून खोडणं सोपं गेलं. तेव्हा घरात दिवसभर रेडिओ असायचा. घूं नव्हतं, गाडी नव्हती, मी ढोलकीचे बोल्ट ढिले करून ती कपाटावर ठेवली होती. आणि गाणी चांगली वाटायची, अगदी लहानपणी वाटायची तशी. ते वर्ष परत नको, पण तेवढं एक झालं.

कोल्हापुरातल्या केशवराव भोसले नाट्यगृहाचंही सांगतो. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं, 1915 सालचं, मूळ नाव पॅलेस थिएटर. संगीत नाटकांतले गायकनट संगीतसूर्य केशवराव माइक नसलेल्या काळात गायले. तिथं तालमीला आम्ही कधी लवकर पोचलो की मी माइक न लावता ढोलकीवर एक थाप द्यायचो. बाल्कनीतला झाडूवाला वर बघायचा, म्हणजे पोचली. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते जळालं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. आम्ही मिळेल त्या मैदानात वाजवतच होतो, पण उघड्या मैदानात थाप कुठं पोचली ते सांगायला झाडूवाला नसतो, साउंडवाला असतो.

गेल्या महिन्यातली गोष्ट. पहाटे पावणेपाचला मामांनी सगळ्यांना सोडत सोडत शेवटी मला गल्लीच्या तोंडाशी उतरवलं. मी दारापर्यंत गेलो आणि खिसा चाचपला तर पाना सीटवर राहिलेला. पळत मागं आलो. गाडी तिथंच उभी होती, काचा बंद, आणि आतून गाणं. मोठ्यानं. त्याच रात्री आम्ही वाजवलेलं. मामा स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरून बसले होते. मला बघून त्यांनी आवाज कमी केला, बंद नाही केला, काच खाली घेतली आणि पाना हातात दिला.

"दुसऱ्या कडव्यानंतर लयीत पळतोस बघ तू," म्हणाले, आणि गिअर टाकला.