तुम्ही विचारलंत म्हणून: 'तो व्हीमा' डावं की उजवं?

अथेन्सला राहते म्हटल्यावर राजकारणात रस असलेली मंडळी हमखास विचारतात, "रविवारचा पेपर कुठला घेतेस? तो कुठल्या पक्षाचा?"

पेपर 'तो व्हीमा'. पक्षाचं मात्र एका शब्दात सांगता येत नाही. 'रिझोस्पास्तिस'चं सोपं आहे. 'सामना' कुणाचा हे जसं विचारावं लागत नाही, तसंच ते कम्युनिस्ट पक्षाचं मुखपत्र. 'व्हीमा'चं तसं नाही.

दिमित्रिओस लांब्राकिस यांनी १९२२ साली तो काढला. तेव्हा देशात उभी फूट होती, एकीकडे राजा आणि दुसरीकडे उदारमतवादी नेते वेनिझेलोस. तीन वर्षं आधी निघालेला 'काथिमेरिनी' राजाकडचा, हा वेनिझेलोसवाल्यांचा. पुढे मध्यममार्गी, मग समाजवादी पासोकच्या जवळचा. कितीतरी घरांत तो वडिलोपार्जितच! मग मंदीने कंबरडं मोडलं. २०१० मध्ये छापील दैनिक थांबलं, रविवारचा अंक तेवढा उरला. २०१७ मध्ये कर्जात बुडालेल्या समूहाचा लिलाव झाला आणि तो जहाजमालक एव्हांगेलोस मारिनाकिस यांच्याकडे गेला. ऑलिंपियाकोस आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट हे फुटबॉल क्लबवाले तेच.

रविवारचा अंक पेरिप्तेरोवर, म्हणजे फुटपाथवरच्या टपरीवर, शनिवारीच येतो. बाहेर पेपर टांगलेले असतात आणि म्हातारे हात मागे बांधून सगळ्यांचे मथळे फुकटात वाचून घेतात. तिथली चर्चा ऐकावी. धोरणाबद्दल कुणी बोलत नाही. मालकाचं आणि सरकारचं सध्या कसं चाललंय, एवढंच.

मार्च २०२४ मध्ये तर कहरच झाला. २०२३ च्या तेंपी रेल्वे अपघातात ५७ माणसं गेली होती. त्या रात्रीच्या स्टेशनमास्तरच्या संभाषणाच्या ध्वनिफिती कापून-जोडून बाहेर सोडल्या गेल्या, दोष एकट्या माणसावर यावा म्हणून, असं 'व्हीमा'ने छापलं. विरोधकांनी अविश्वास ठराव आणला. तो १५९ विरुद्ध १४१ ने पडला. पण पंतप्रधानांच्या जवळचे दोन मंत्री त्याच सुमारास मारिनाकिस यांना भेटून आल्याचं फुटलं आणि दोघांना राजीनामा द्यावा लागला.

बड्या उद्योगपतींचा हा दबाव आहे, असा सरकारचा सूर होता. असेलही. पण म्हणून ध्वनिफितींचा प्रश्न खोटा ठरत नाही, आणि तेवढ्यासाठी मी पैसे मोजते.